स्पायवेअर संगणकात कसे शिरते, काय नेते आणि शिरल्यावर कोणत्या क्रमाने काय करावे

संगणकात काहीतरी गडबड आहे असा संशय आला की आपल्याकडे बहुतेक जण तो जवळच्या दुकानात नेतात, दुकानदार ‘फॉरमॅट मारून’ नवीन विंडोज टाकून देतो आणि प्रकरण मिटले असे समजले जाते. व्हायरसच्या जमान्यात हा उपाय बऱ्याच अंशी पुरत असे. स्पायवेअरच्या, म्हणजे संगणकात लपून माहिती चोरणाऱ्या प्रोग्रामच्या, बाबतीत तो अपुरा पडतो, कारण त्याने जे करायचे ते संगणक दुकानात पोहोचण्याच्या कितीतरी आधी उरकलेले असते. पासवर्ड, ब्राउझरमधील चालू लॉगिन, आधार आणि पॅनचे स्कॅन, विवरणपत्रांच्या पीडीएफ फाइली हे सारे कोणाच्या तरी सर्व्हरवर गेलेले असते आणि आपली डिस्क पुसल्याने तिथली प्रत पुसली जात नाही. म्हणून स्पायवेअर कोणकोणत्या वाटांनी येते आणि ते आल्यावर कोणत्या क्रमाने हालचाल करावी, या दोन्ही गोष्टी येथे सविस्तर दिल्या आहेत. घरे, दुकाने आणि लहान कार्यालये यांतील बहुतेक संगणक विंडोजवर चालत असल्याने सूचनाही विंडोजसाठीच आहेत.

एक समजूत आधीच दूर केलेली बरी. संगणक हळू चालणे, जाहिराती उसळणे, ब्राउझरचे पहिले पान आपोआप बदलणे ही लक्षणे २००३-०४ च्या सुमारास खरी होती. त्या वेळी काझा या फाइल देवाणघेवाणीच्या प्रोग्रामबरोबर गेटरसारखी जाहिरातबाज सॉफ्टवेअर गुपचूप बसत आणि वापरकर्ता कोणती संकेतस्थळे पाहतो यावर नजर ठेवून त्याच्यावर जाहिरातींचा मारा करीत. त्यांचा धंदाच दिसण्यावर होता. आजच्या स्पायवेअरचा धंदा न दिसण्यावर आहे. पासवर्ड चोरणारे प्रोग्राम अनेकदा एक-दोन मिनिटांत काम आटोपून स्वतःला पुसून टाकतात आणि दुसऱ्या दिवशी अँटीव्हायरसने कितीही कसून तपासणी केली तरी त्याला काही सापडत नाही. ‘स्कॅन केले, काही निघाले नाही’ यावरून संगणक निर्धोक होता असा निष्कर्ष काढणे म्हणूनच धोक्याचे आहे.

शिरण्याच्या वाटा

व्हायरस एका फाइलीतून दुसऱ्या फाइलीत आपणहून पसरतो, स्पायवेअर सहसा तसे पसरत नाही. त्याला कोणीतरी आत घ्यावे लागते आणि बहुतेक वेळा आत घेणारा खुद्द वापरकर्ताच असतो. त्याला वेगळेच काहीतरी हवे असते, एवढाच काय तो फरक.

आपल्याकडची सर्वांत रुळलेली वाट म्हणजे फुकटात मिळवलेले महागडे सॉफ्टवेअर. डीटीपीच्या दुकानात कोरलड्रॉ, फोटो स्टुडिओत फोटोशॉप, विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर ऑटोकॅड किंवा एखादा गेम हवा असतो आणि यूट्यूबवरील एखाद्या व्हिडिओखाली ‘फुल व्हर्जन विथ क्रॅक’ अशी लिंक सापडते. क्रॅक म्हणजे परवाना विकत न घेता सॉफ्टवेअर चालवून देणारी क्लृप्ती. डाउनलोड झालेली फाइल झिप किंवा रार स्वरूपात असते आणि तिला १२३४ असा काहीतरी पासवर्ड असतो, जो व्हिडिओखालीच दिलेला असतो. जो पासवर्ड जगजाहीर आहे तो लावायचाच कशाला, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. उत्तर साधे आहे. पासवर्ड असलेल्या झिपच्या आत अँटीव्हायरसला आणि ई-मेल किंवा ड्राइव्हच्या तपासणी यंत्रणेला डोकावता येत नाही. सोबतच्या सूचनांमध्ये दुसरी ओळ असते: ‘इन्स्टॉल करण्यापूर्वी अँटीव्हायरस बंद करा.’ कुलूप आपल्याच हाताने उघडून देण्याची ही विनंती आहे आणि रोज हजारो लोक ती मान्य करतात. क्रॅक खरोखर चालतोही, म्हणजे फोटोशॉप उघडते, काम होते आणि संशयाला जागा राहत नाही. माझ्या मते ज्या संगणकावर बँकेचे व्यवहार, जीएसटी पोर्टल किंवा ग्राहकांची कागदपत्रे आहेत, त्यावर क्रॅक केलेले एकही सॉफ्टवेअर असू नये. इंकस्केप, जिम्प, लिब्रेऑफिस, स्क्रायबस ही मोफत आणि कायदेशीर साधने हाताशी असताना हा धोका पत्करण्यात शहाणपण नाही.

दुसरी वाट गेल्या काही वर्षांत फार वेगाने रुंदावली आहे. एखादे संकेतस्थळ उघडले की ‘तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करा’ असा ओळखीचा चौकोन येतो. त्यावर क्लिक केल्यावर चित्रे निवडायला सांगण्याऐवजी तीन पायऱ्या दिसतात: विंडोज चिन्हाची कळ आणि आर एकत्र दाबा, मग कंट्रोल आणि व्ही दाबा, मग एंटर दाबा. येथे जे घडते ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. चौकोनावर क्लिक केले त्याच क्षणी त्या पानाने एक लांबलचक आज्ञा तुमच्या क्लिपबोर्डवर गुपचूप कॉपी करून ठेवलेली असते. पहिल्या पायरीने विंडोजची ‘रन’ ही खिडकी उघडते, दुसरीने ती आज्ञा तिथे चिकटते आणि तिसरीने ती चालते. खिडकीतील रकाना अरुंद असल्याने चिकटवलेल्या मजकुराचे फक्त शेपूट दिसते आणि त्या शेपटाला मुद्दाम ‘मी रोबोट नाही, पडताळणी क्रमांक अमुक’ अशा निरुपद्रवी शब्दांची झालर लावलेली असते. पॉवरशेल या विंडोजमधील आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामला परक्या सर्व्हरवरून प्रोग्राम आणून चालवायला सांगणारा खरा भाग डावीकडे नजरेआड गेलेला असतो. वापरकर्त्याने स्वतः टाइप केलेली आज्ञा आणि ही आज्ञा यांत विंडोजला वरवर काहीच भेद दिसत नाही. कोणतेही खरे संकेतस्थळ पडताळणीसाठी ‘रन’ची खिडकी, कमांड प्रॉम्प्ट किंवा पॉवरशेल उघडायला सांगत नाही. हा नियम घरातल्या प्रत्येकाला तोंडपाठ असावा.

लुम्मा नावाचा पासवर्डचोर अशाच मार्गांनी पसरला होता. मायक्रोसॉफ्टने मे २०२५ मध्ये अनेक देशांतील तपास यंत्रणांच्या मदतीने त्याचे जाळे उद्ध्वस्त केले, तेव्हा १६ मार्च ते १६ मे या दोन महिन्यांत जगभरातील ३ लाख ९४ हजारांहून अधिक विंडोज संगणक त्याच्या तावडीत सापडल्याचे कंपनीने जाहीर केले. असे प्रोग्राम मासिक वर्गणीवर भाड्याने मिळतात. त्यामुळे चोरी करणाऱ्याला स्वतः प्रोग्राम लिहिता येण्याची गरज उरलेली नाही.

शोधयंत्रावर ‘व्हीएलसी डाउनलोड’ किंवा ‘विनरार’ असे टाकल्यावर सर्वांत वर येणारा निकाल कधी कधी पैसे देऊन लावलेली जाहिरात असतो आणि ती हुबेहूब नकली पानावर नेते. जाहिरातीचे निकाल ओलांडून मूळ निर्मात्याच्या पत्त्यावर जाणे, नाहीतर मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घेणे, एवढी खबरदारी येथे पुरते.

ब्राउझरच्या एक्स्टेंशनकडे, म्हणजे त्याला जोडल्या जाणाऱ्या छोट्या प्रोग्रामकडे, मात्र लोकांचे पुरते दुर्लक्ष असते. ‘सर्व संकेतस्थळांवरील तुमची माहिती वाचणे आणि बदलणे’ ही परवानगी मागणाऱ्या एक्स्टेंशनला बँकेचे पानही वाचता येते. शिवाय आज प्रामाणिक असलेले एक्स्टेंशन उद्या तसेच राहील याची हमी नसते. द ग्रेट सस्पेंडर हे वीस लाखांहून अधिक लोक वापरत असलेले लोकप्रिय एक्स्टेंशन २०२० मध्ये मूळ लेखकाने अनोळखी मालकाला विकले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गुगलने ते घातक ठरवून वापरकर्त्यांच्या ब्राउझरमध्ये बंद पाडले. मधल्या काळात नव्या आवृत्त्या आपोआप येत राहिल्या. वापरकर्त्याने नवीन काहीही डाउनलोड केले नव्हते.

अधिकृत आवृत्तीच दूषित झाल्याचेही उदाहरण आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये सीक्लीनरची ५.३३ ही आवृत्ती कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवरून, कंपनीच्या खऱ्या डिजिटल स्वाक्षरीसह, आत हेर बसवूनच बाहेर पडली आणि सुमारे २२ लाख ७० हजार संगणकांवर पोहोचली. तिचा रोख काही मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांवर होता. सामान्य वापरकर्त्याला यावर करता येण्याजोगे फारसे काही नाही. जितकी सॉफ्टवेअर कमी तितकी अशी दारे कमी, एवढेच म्हणता येईल. आणि संगणक ‘साफ’ करून देणाऱ्या सॉफ्टवेअरची मुळात गरज किती असते, हाही प्रश्नच आहे.

ई-मेलमधून येणारी जोडपत्रे जुनी असली तरी बाद झालेली नाहीत. इंटरनेटवरून आलेल्या ऑफिस फाइलींमधील मॅक्रो, म्हणजे फाइलीत दडवलेल्या आपोआप चालणाऱ्या आज्ञा, मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून मुळातच अडवायला सुरुवात केल्यावर हल्लेखोर झिप, आयएसओ आणि शॉर्टकट फाइलींकडे वळले. विंडोज फाइलीच्या नावाचे शेपूट मुळात लपवून ठेवते, त्यामुळे ‘इन्व्हॉइस डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई’ ही फाइल ‘इन्व्हॉइस डॉट पीडीएफ’ अशीच दिसते आणि तिला चिन्हही पीडीएफचेच दिलेले असते. ओळखीच्या माणसाकडून आलेली फाइल म्हणजे निर्धोक फाइल, हे गृहीतकही टिकत नाही. पुण्यातील एल्गार परिषद प्रकरणातील आरोपी रोना विल्सन यांच्या लॅपटॉपच्या प्रतीची तपासणी बचाव पक्षाच्या विनंतीवरून आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकी फोरेन्सिक कंपनीने केली. फेब्रुवारी २०२१ मध्ये उजेडात आलेल्या तिच्या अहवालानुसार १३ जून २०१६ रोजी एका परिचिताच्या ई-मेल खात्यावरून आलेली फाइल उघडल्याने नेटवायर हा दूरनियंत्रणाचा प्रोग्राम त्या लॅपटॉपवर बसला आणि पुढे बावीस महिने त्यातून नजर ठेवण्याबरोबरच फाइलीही आत ठेवल्या गेल्या. राष्ट्रीय तपास यंत्रणेने हे निष्कर्ष मान्य केलेले नाहीत आणि त्या खटल्यावर भाष्य करण्याचे हे ठिकाण नव्हे. तांत्रिक मुद्दा एवढाच आहे की नेटवायरसारख्या प्रोग्रामला वाचण्याबरोबर लिहिण्याचीही मुभा मिळते. तो काही काळ्या बाजारातील गुपित माल नव्हता. इंटरनेटवर उघडपणे विकला जात होता आणि मार्च २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने त्याचे संकेतस्थळ जप्त केले.

शेवटची वाट संगणकापाशी प्रत्यक्ष बसणाऱ्या माणसाची. घरातील व्यक्ती, दुरुस्तीला आलेला मनुष्य, कार्यालयातील सहकारी, यांपैकी कोणालाही पाच मिनिटे पुरतात. सायबर कॅफेत किंवा सामायिक संगणकावर कीबोर्डची वायर आणि मागचे यूएसबी छिद्र यांच्यामध्ये बोटाच्या पेरापेक्षा लहान असे, दाबलेली प्रत्येक कळ टिपणारे की-लॉगर यंत्र बसवता येते, जे कोणत्याही अँटीव्हायरसला दिसत नाही. ते पाहायला सीपीयूच्या मागे वाकावेच लागते. ‘बँकेतून बोलतोय’ म्हणून फोन करून एनीडेस्कसारखे दूरसाहाय्याचे अ‍ॅप घ्यायला लावणे हा याचाच फोनवरचा प्रकार. अशा फसवणुकीबाबत रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केले होते.

पेगाससचे नाव येथे अनेकांना आठवेल. ते प्रामुख्याने फोनसाठी बनवलेले, सरकारांना विकले जाणारे, अत्यंत महागडे साधन आहे. पत्रकार, वकील, कार्यकर्ते यांना त्याची चिंता असणे रास्त आहे. किराणा दुकानाच्या हिशेबाचा संगणक मात्र पेगाससने नव्हे, यूट्यूबखालच्या क्रॅकनेच जातो.

ते नेमके काय नेते

लोकांच्या मनात स्पायवेअर म्हणजे कळफलकावरची प्रत्येक कळ टिपणारा प्रोग्राम, असे चित्र असते. ते खोटे नाही, पण आता तेवढ्यावर कोणी थांबत नाही. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड सांकेतिक रूपात असतात खरे, मात्र ते उघडण्याची सोय विंडोज त्याच वापरकर्त्याच्या खात्याखाली चालणाऱ्या प्रोग्रामला देऊ करते, आणि तुम्ही डबल-क्लिक करून चालवलेला क्रॅकही तुमच्याच खात्याखाली चालतो. क्रोमने जुलै २०२४ मध्ये कुकीजसाठी, म्हणजे चालू लॉगिनच्या खुणांसाठी, यावर जादा संरक्षण आणले. चोरांनी अल्पावधीतच त्याला बगल देणारे मार्ग शोधले.

पासवर्डपेक्षा अधिक मोलाची असते ती कुकी. लॉजच्या काउंटरवर ओळखपत्र एकदाच दाखवावे लागते, त्यानंतर खोलीची किल्ली ज्याच्या हातात तो पाहुणा. लॉगिननंतर संकेतस्थळ ब्राउझरला देते ती कुकी म्हणजे अशी किल्ली आहे. चोराने ती आपल्या ब्राउझरमध्ये बसवली की त्याला पासवर्ड विचारला जात नाही, ओटीपीही विचारला जात नाही, कारण संकेतस्थळाच्या दृष्टीने ती पडताळणी आधीच झालेली असते. ‘मला ओटीपी आला नाही, म्हणजे कोणी शिरले नाही’ असे मानणारे येथेच फसतात. यूट्यूब चॅनेल, इन्स्टाग्राम आणि फेसबुकची व्यावसायिक पाने रातोरात दुसऱ्याच्या ताब्यात जातात ती अनेकदा याच मार्गाने. बँकांची सत्रे काही मिनिटांत आपोआप संपतात म्हणून तिथे हा प्रकार अवघड जातो, पण ज्या ई-मेलवर बँकेची पत्रे येतात ते खाते महिनोन्‌महिने उघडेच असते.

याखेरीज डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्समधील फाइली, टेलिग्राम डेस्कटॉपच्या सत्राची फाइल, क्रिप्टो वॉलेट, पडद्याची छायाचित्रे, क्लिपबोर्डवर कॉपी केलेला मजकूर हे सगळे गोळा होऊन एकाच गाठोड्यात जाते आणि ते गाठोडे पुढे विकलेही जाते. चोरणारा एक, विकत घेऊन वापरणारा दुसराच, असे असल्याने चोरी आणि तिचा फटका यांत कित्येक आठवड्यांचे अंतर पडू शकते.

सनदी लेखापाल आणि करसल्लागार यांच्यासाठी येथे एक वेगळी सूचना आहे. अनेक कार्यालयांत ग्राहकांच्या डिजिटल सहीचे टोकन दिवसभर संगणकाला लावून ठेवलेले असते आणि त्याचा पिन वही किंवा एक्सेल फाइलीत लिहिलेला असतो. टोकनमधील किल्ली कॉपी करता येत नाही, पण संगणकाचा दूरस्थ ताबा मिळालेल्या माणसाला ती कॉपी करण्याची गरजच नसते. टोकन लावलेले आहे आणि पिन फाइलीत आहे, एवढे त्याला पुरते. सही झाली की टोकन काढून खणात ठेवावे.

संशय आल्यास तपासणी कशी करावी

सर्वप्रथम विंडोज सिक्युरिटी उघडून ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’ विभागात ‘मॅनेज सेटिंग्ज’मध्ये जावे आणि तळाशी असलेली ‘एक्सक्लूजन्स’ ही यादी पाहावी. तपासणीतून वगळायच्या जागांची ही यादी साधारण घरगुती संगणकावर रिकामी असते. स्पायवेअर अनेकदा येताक्षणीच आपला फोल्डर, कधी तर अख्खी सी ड्राइव्हच, या यादीत टाकून मोकळे होते आणि मग डिफेंडर हा विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस चालू असूनही आंधळा असतो. तुम्ही स्वतः न टाकलेली नोंद येथे दिसली तर पुढच्या पुराव्याची वाट पाहू नये.

त्यानंतर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि ‘स्टार्टअप अ‍ॅप्स’ पाहावेत. अनोळखी नावावर उजवे क्लिक करून ‘ओपन फाइल लोकेशन’ निवडले की ती फाइल कुठे बसली आहे ते कळते. प्रोग्राम फाइल्सऐवजी ‘अ‍ॅपडेटा’ किंवा ‘टेम्प’च्या पोटात, अर्थहीन अक्षरांच्या फोल्डरमध्ये ती असेल तर संशय बळावतो. मात्र अ‍ॅपडेटामध्ये झूम किंवा टेलिग्रामसारखी सज्जन सॉफ्टवेअरही राहतात, म्हणून केवळ जागेवरून निकाल देऊ नये. टास्क मॅनेजर सगळे दाखवत नाही. ठरावीक वेळेला चालणारी कामे टास्क शेड्युलरमध्ये असतात आणि हेरांना ती जागा विशेष आवडते. हे सारे एकाच ठिकाणी पाहायचे असेल तर मायक्रोसॉफ्टचे ऑटोरन्स हे मोफत साधन उत्तम. त्यात मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवून, स्वाक्षऱ्या पडताळण्याचा पर्याय चालू करून, ज्यांची स्वाक्षरी जुळत नाही अशा नोंदींकडे आधी पाहावे.

ब्राउझरमध्ये एक्स्टेंशनची यादी उघडून प्रत्येकापुढे ‘हे मी घेतले होते का’ असा प्रश्न करावा. क्रोमच्या मेनूच्या तळाशी ‘मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन’ असे घरच्या संगणकावर दिसले तर कोणत्या तरी प्रोग्रामने ब्राउझरवर धोरणे लादली आहेत, असे समजावे. काही अँटीव्हायरसही तसे करतात, म्हणून कोणत्या धोरणाची नोंद आहे ते क्रोमच्या पॉलिसी पानावर पाहून घ्यावे. सेटिंग्जमधील प्रॉक्सीच्या, म्हणजे इंटरनेटची वाहतूक दुसऱ्या सर्व्हरमार्फत वळवण्याच्या, पानावर अनोळखी पत्ता भरलेला नाही ना, तेही याच वेळी पाहून घ्यावे.

शेवटी ‘स्कॅन ऑप्शन्स’मधून मायक्रोसॉफ्ट डिफेंडरचे ऑफलाइन स्कॅन चालवावे. संगणक पुन्हा सुरू होतो आणि विंडोज पूर्ण चालू होण्याआधी तपासणी होते. त्यामुळे चालू विंडोजमध्ये स्वतःला लपवणारे हेरही यात सापडण्याची शक्यता वाढते. इंटरनेटवरून मिळेल ते ‘अँटी-स्पायवेअर’ उतरवून घेण्याचा मोह आवरावा, कारण संरक्षणाच्या नावाखाली हेरगिरीही झालेली आहे. अवास्ट या नामांकित अँटीव्हायरस कंपनीने वापरकर्त्यांचा ब्राउझिंग तपशील आपल्या उपकंपनीमार्फत विकल्याच्या प्रकरणात अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये तिला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. भारत सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर तपासणीची मोफत साधने मिळतात, ती वापरायला हरकत नाही.

संसर्ग झालाच असेल तर

येथे क्रम महत्त्वाचा आहे. पहिले काम म्हणजे संगणकाचे इंटरनेट तोडणे. वायफाय बंद करावे, वायर असेल तर ती उपटावी.

दुसरे काम त्या संगणकावर करायचेच नाही. घाबरून त्याच संगणकावर पासवर्ड बदलायला बसले तर नवा पासवर्डही तत्काळ चोराला मिळतो. स्वतःचा फोन मोबाइल डेटावर घेऊन किंवा दुसऱ्या खात्रीच्या संगणकावरून सुरुवात ई-मेलपासून करावी, कारण बाकी सर्व खात्यांचे पासवर्ड त्याच ई-मेलवरून बदलता येतात. आधी ‘सर्व उपकरणांवरून साइन आउट’ करावे, म्हणजे चोरलेल्या कुकी निकामी होतात. मग पासवर्ड बदलावा. त्यानंतर पुनर्प्राप्तीचा फोन नंबर आणि पर्यायी ई-मेल आपलेच आहेत का ते पाहावे, आणि जीमेलच्या सेटिंग्जमध्ये ‘फॉरवर्डिंग’ व ‘फिल्टर्स’ ही दोन पाने उघडावीत. चोर येथे एक छोटा नियम करून ठेवतात की बँकेकडून आलेले पत्र अमुक पत्त्यावर पाठवावे आणि इनबॉक्समधून काढून टाकावे. पासवर्ड बदलला तरी हा नियम जिवंत राहतो आणि कित्येकांच्या लक्षात तो कधीच येत नाही.

ई-मेलनंतर बँक, यूपीआयशी जोडलेली खाती, आयकर व जीएसटी पोर्टल, डिजिलॉकर, समाजमाध्यमे या क्रमाने जावे. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’ आणि टेलिग्राममध्ये ‘डिव्हायसेस’ येथे अनोळखी उपकरण असेल तर काढून टाकावे. ब्राउझरमध्ये कार्डाचे तपशील साठवलेले असतील तर ते कार्ड बदलून घ्यावे.

तिसरे काम संगणकाचे. तक्रार करायची असेल तर मात्र हे काम सुरू करण्याआधी शेवटचा ‘तक्रार आणि पुरावा’ हा भाग वाचावा. बसलेला हेर शोधून काढण्यात वेळ घालवण्यापेक्षा नव्याने विंडोज टाकणे मला अधिक भरवशाचे वाटते, कारण एक सापडला म्हणजे दुसरा नाही असे सांगता येत नाही. विंडोजची पेन ड्राइव्ह दुसऱ्या, स्वच्छ संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून तयार करावी. दुकानदाराकडे काम देणार असाल तर ‘तुमच्या पेन ड्राइव्हमधली विंडोज आधीच अ‍ॅक्टिव्हेट केलेली आहे का’ हे अवश्य विचारावे. उत्तर ‘हो’ असेल तर नव्या संगणकातही क्रॅकच बसणार आहे. जुन्या डिस्कवरून छायाचित्रे, कागदपत्रे, टॅलीचा डेटा परत घ्यावा, पण सेटअप फाइली, झिप आणि जुन्या डाउनलोड फोल्डरमधले काहीही घेऊ नये. क्रोममध्ये पुन्हा लॉगिन केल्यावर सिंक आपोआप जुनी एक्स्टेंशन परत आणते, तेव्हा ती यादी आधीच रिकामी केलेली असावी.

हेर घरातल्याच कोणी बसवला असल्याचा संशय असेल तर मात्र हा सारा क्रम बदलतो. प्रोग्राम काढताच समोरच्याला कळते आणि त्याचा राग कोणत्या रूपाने निघेल हे सांगता येत नाही. अशा वेळी संगणकाला हात न लावता, त्या व्यक्तीच्या आवाक्याबाहेरील फोनवरून आधी विश्वासातल्या माणसाची, वकिलाची किंवा १८१ या महिला हेल्पलाइनची मदत घ्यावी.

पुढची खबरदारी

रोजच्या वापराचे खाते ‘स्टँडर्ड’ प्रकारचे ठेवून ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ खाते वेगळे ठेवल्याने पासवर्डचोर पूर्ण थांबत नाही, पण तो खोलवर मुळे रोवू शकत नाही. फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’ मेनूतून फाइलींची शेपटे दिसतील असे करून ठेवावे. विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले असून जादा मुदतीच्या सुरक्षा योजनेत नाव न नोंदवलेल्या संगणकाला नवी दुरुस्ती मिळत नाही. पासवर्ड ब्राउझरऐवजी स्वतंत्र पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवावेत आणि जिथे पासकीची, म्हणजे पासवर्डऐवजी आपल्या उपकरणाच्या पिनने किंवा बोटाच्या ठशाने लॉगिन करण्याची, सोय आहे तिथे ती घ्यावी. पासकीमुळे कुकीची चोरी टळत नाही, म्हणून कामाची खाती वापरून झाल्यावर साइन आउट करण्याची सवय तिच्या जोडीला लागतेच.

तक्रार आणि पुरावा

पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन क्रमांकावर तत्काळ फोन करावा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम मधल्या खात्यात गोठवली जाण्याची शक्यता अधिक. पैसे गेले नसले तरी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. परवानगीशिवाय संगणकात शिरणे, त्यातील माहिती काढून घेणे किंवा त्यात घातक प्रोग्राम सोडणे हे माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये येते, आणि ते अप्रामाणिकपणे केले असल्यास कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे.

तक्रार करायची असेल तर फॉरमॅट करण्याची घाई नडते, कारण पुरावा त्याच डिस्कवर असतो. संशयित ई-मेल डिलीट करू नये आणि पुढे पाठवूही नये. त्याचे मूळ स्वरूप ‘शो ओरिजिनल’मधून डाउनलोड करून ठेवावे. पडद्याची छायाचित्रे तारीख-वेळ दिसेल अशी घ्यावीत आणि अनोळखी लॉगिनच्या सूचनांमधील आयपी पत्ते टिपून ठेवावेत. व्यवसायाचा संगणक असेल तर दुकानदाराकडून जुनी डिस्क काढून घ्यावी, तिच्यावर तारीख लिहून ती पाकिटात बंद ठेवावी आणि विंडोज नव्या एसएसडीवर टाकून घ्यावे. त्यातून हव्या त्या कागदपत्रांची प्रत घ्यायची असल्यास ते कामही तक्रार नोंदवून झाल्यावर, तपास अधिकाऱ्याला विचारूनच करावे, कारण डिस्क पुन्हा जोडताच तिच्यावरील नोंदींच्या वेळा बदलू लागतात.